गेटवर माल उतरला, तो दिवस धरा

प्रति,
खरेदी, स्टोअर्स, गुणवत्ता आणि लेखा विभागांचे प्रमुख,
चाकण, पिंपरी-चिंचवड, रांजणगाव, वाळूज, अंबड आणि शिरोली पट्ट्यातील मोठे वाहन व यंत्र उत्पादक

स.न.वि.वि.

आपल्या कारखान्यांना कास्टिंग, फोर्जिंग, मशीन केलेले सुटे भाग आणि प्रेस पार्ट पुरवणाऱ्या लघुउद्योगांचे मालक आणि त्यांचे हिशेब पाहणारे लोक मिळून हे पत्र लिहीत आहोत. विषय एकच. आपल्याकडे खरेदीपासून पेमेंटपर्यंत सगळे संगणकावर आले, पण आमचे बिल मंजूर झाल्याची तारीख अजूनही कोणाच्या तरी सवडीने पडते. ती तारीख पडेपर्यंत ट्रेड्ससकट (लघुउद्योगांच्या बिलांवर बँकांकडून लवकर पैसे मिळवून देणारे ऑनलाइन मंच) एकही नवी वित्तीय सोय आमच्या उपयोगाची नाही.

गेटपर्यंतचा प्रवास पाहिला तर तक्रारीला जागा नाही. वर्षाला ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. प्रत्येक बिलाला ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड मिळतो, आणि बिल चुकले तर तो २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. राज्यातल्या राज्यात १ लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते. आपल्या व्हेंडर पोर्टलवर एएसएन (माल पाठवत असल्याची आगाऊ सूचना) टाकल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि गेटवरचा स्कॅनर क्यूआर वाचून गेट एंट्री करतो. म्हणजे माल कोणत्या दिवशी, किती वाजता, किती नग आला, हे आम्हाला, आपल्याला आणि सरकारला एकाच वेळी ठाऊक असते. त्यात वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही.

घोडे अडते ते गेटच्या आत. एक नमुना घेऊ. १० लाखांचा माल, १८ टक्के जीएसटी धरून बिल ११,८०,००० रुपयांचे. गाडी ३ जूनला गेटवर. स्टोअर्समध्ये गर्दी, म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) ९ तारखेला. इनवर्ड क्वालिटीत नमुना तपासणीच्या रांगेत माल पडून, क्लिअर १७ ला. लेखा विभागाने बिल चढवले २४ ला. पेमेंटची अट ४५ दिवस, आणि प्रणाली ती २४ जूनपासून मोजते, म्हणून देय तारीख येते ८ ऑगस्ट. पेमेंट रन (देय बिलांचे पैसे एकत्र काढण्याची फेरी) महिन्याच्या ५ आणि २० तारखेला. ५ ऑगस्टच्या रनमध्ये हे बिल अजून देय झालेले नाही, मग ते २० ऑगस्टच्या रनमध्ये जाते. गेटपासून ७८ दिवस. तरी आपल्या अहवालात ओळ हिरवीच दिसते, कारण प्रणालीच्या हिशेबाने बिल देय होताच पुढच्या रनमध्ये चुकते झाले. यात कोणी मुद्दाम काही केलेले नसते. चार टेबलांवर थोडा थोडा वेळ गेलेला असतो आणि त्याची बेरीज कोणीच मांडत नाही.

कायदा मात्र ही बेरीज मांडतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मधील कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. आणि स्वीकारल्याचा दिवस म्हणजे प्रत्यक्ष माल पोचल्याचा दिवस. खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल तरच तो दिवस पुढे जातो, हरकत मिटल्याच्या तारखेवर. जीआरएन, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) क्लिअर किंवा बिल चढवणे यांचा कायद्यात कुठेही उल्लेख नाही. वरच्या नमुन्यात देय तारीख १८ जुलै होती आणि पेमेंट ३३ दिवस उशिरा झाले. कलम १६ प्रमाणे त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर दर साडेसोळा टक्के, आणि या एका बिलावर व्याज साधारण १७,६०० रुपये. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजा होत नाही, तेही याच कायद्याच्या कलम २३ मध्ये लिहिलेले आहे. शिवाय ४५ दिवसांवरच्या थकबाकीचे जे सहामाही विवरणपत्र कंपन्या २०१९ पासून कंपनी निबंधकांकडे भरतात, त्यात हे बिल दिसायला हवे होते. बिल चढवण्याच्या तारखेपासून मोजणारी प्रणाली ते दाखवणारच नाही. आपल्या कंपनी सचिवांनी एकदा ही बाब तपासून घ्यावी.

दुरुस्ती सोपी आहे, आणि ती आपल्याच हातात आहे. आपल्यापैकी बरेच जण सॅप हे व्यवहारांचे सॉफ्टवेअर वापरतात. त्यात पेमेंट टर्मसोबत बेसलाइन डेट (मुदत जिथून मोजायची ती तारीख) कुठून घ्यायची हे ठरवता येते: बिलाची तारीख, पोस्टिंगची तारीख किंवा नोंद केल्याची तारीख. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी वेगळी पेमेंट टर्म काढा आणि तिची बेसलाइन गेट एंट्रीच्या तारखेवर बांधा. त्यासाठी छोटा बदल करून घ्यावा लागेल, पण तो एकदाच. दुसरे, पेमेंट रन लावताना पुढच्या रनची तारीख भरायची जागा असते. ती नीट भरली की दोन रनच्या मधे देय होणारी बिले आधीच्याच रनमध्ये उचलली जातात. अनेक ठिकाणी तिथे दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून मोकळे होतात, आणि बिल पुढच्या रनला ढकलले जाते. हे एक रकाना भरण्याचे काम आहे.

गुणवत्ता विभागाला वेगळे सांगायचे आहे. तपासणी करू नका असे आम्ही म्हणत नाही. पण माल सॅपमध्ये १०३ प्रकाराने रोखून ठेवायचा आणि १०५ (मोकळा केल्याची नोंद) होईपर्यंत काहीच कळवायचे नाही, ही लेखी हरकत होत नाही. माल नापसंत असेल तर पोर्टलवर नग, दोष आणि मोजमाप यांसह नोंद करा, म्हणजे १५ दिवसांची मुदतही पाळली जाईल आणि आम्हालाही दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून सॉर्टिंग करता येईल. आणखी एक. ५०० नगांच्या बिलात १२ नग रिजेक्ट झाले तर पूर्ण बिल अडवू नका. ४८८ नगांचे पैसे मोकळे करा, १२ नगांची डेबिट नोट पाठवा, आम्ही जीएसटीची क्रेडिट नोट काढू. आज होते असे की वाद सुमारे अडीच टक्के मालाचा आणि अडकते शंभर टक्के रक्कम.

रेट अमेंडमेंटचेही (ठरलेला दर बदलण्याचेही) तेच. पिग आयर्न किंवा स्टीलचा दर बदलला की तिमाहीला भाव नव्याने ठरतो. निर्णय होतो, ई-मेल येते, पण पीओमधला (खरेदी आदेशातला) दर बदलायला महिना-दीड महिना जातो. मधल्या काळात नव्या दराने बिल केले तर पीओ, जीआरएन आणि बिल यांचा मेळ बसत नाही, प्रणाली ते ब्लॉक करते. म्हणून आम्ही जुन्या दरानेच बिल करत राहतो आणि फरकाचे पुरवणी बिल नंतर देतो. हे पुरवणी बिल कोणत्याही गेट एंट्रीला जोडलेले नसल्यामुळे सर्वात जास्त रखडते. पीओचा दर निर्णयाच्या आठवड्यात बदलला तर पुरवणी बिलांची बहुतेक गरजच उरणार नाही.

आता ट्रेड्सकडे येतो, कारण सर्वात मोठा फायदा इथे पडून आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये त्याचे नियम आखले आणि २०१७ पासून आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट आणि एमवनएक्सचेंज हे मंच प्रत्यक्ष चालू झाले. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये नोंदणी सक्तीची झाली, नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ती मर्यादा २५० कोटींवर आली आणि मुदत ३१ मार्च २०२५ ठरली. म्हणजे हे पत्र ज्यांना जाते आहे त्यातले जवळपास सगळे या नियमात बसतात. पण सक्ती नोंदणीची आहे, व्यवहाराची नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र फायलीला लावून मंचावर महिनोन् महिने एकही बिल न टाकणारे खरेदीदार आम्हाला माहीत आहेत.

मंचावर बिल चढते, दुसरी बाजू ते स्वीकारते, त्यातून फॅक्टरिंग युनिट (बोलीसाठी ठेवलेले स्वीकृत बिल) तयार होते. बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्तसंस्था) त्यावर बोली लावतात. पुरवठादार बोली निवडतो आणि साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे त्याच्या खात्यात येतात. देय दिवशी आपल्या खात्यातून नॅचने (बँकेच्या आपोआप वजावटीच्या सोयीने) रक्कम बँकेला जाते. समजा काही कारणाने ती गेली नाही, तर बँक पुरवठादाराच्या मागे लागू शकत नाही. बोलीचा दर आपल्या पतमानांकनावर ठरतो, आमच्या ताळेबंदावर नाही. इथेच लघुउद्योगाचा खरा लाभ आहे.

त्याच बिलाचा हिशेब पुन्हा मांडू. कॅश क्रेडिटचा (खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जाचा) दर ११ टक्के धरला तर ७८ दिवसांचा व्याजाचा बोजा २७,७०० रुपयांच्या घरात जातो. १० लाखांच्या मालावर पाच टक्के नफा सुटत असेल, तर ५० हजारांपैकी निम्म्याहून अधिक तिथेच संपले. याउलट ३ जूनला आलेला माल ६ जूनपर्यंत मंजूर झाला, ९ जूनला ८ टक्क्यांच्या बोलीने पैसे मिळाले आणि आपण १८ जुलैला बँकेला दिले, तर ३९ दिवसांचा खर्च साधारण १०,१०० रुपये. आपल्याला कायद्यापेक्षा एक दिवसही आधी पैसे द्यावे लागले नाहीत. दर कमी-जास्त होतील, तरी दोन रकमांमधले अंतर मोठेच राहील. पण आजच्यासारखी मंजुरी २४ जूनला पडली, तर यातले तीन आठवडे आधीच वाया गेलेले असतात. मंच कितीही वेगवान असला तरी तो मंजुरीनंतरच धावतो.

लेखा विभाग मंजुरीला का कचरतो, हेही आम्हाला कळते. एकदा युनिट स्वीकारले की देय दिवशी पूर्ण रक्कम द्यावीच लागते. नंतर नग कमी निघाले तरी त्यातून कापता येत नाही. यावर उपाय आहेत. युनिट करताना बिलाची ढोबळ रक्कम न टाकता खरेदीवरचा ०.१ टक्का टीडीएस आणि तोवर निघालेल्या डेबिट नोटा वजा करून निव्वळ रक्कम टाका. त्यानंतर लाइनवर रिजेक्शन आले तर ते पुढच्या बिलातून वळते करा. नियमित पुरवठा करणाऱ्याचे पुढचे बिल आठवड्याभरात येतेच, तिथे धोका नगण्य आहे. आम्ही ही अट लिहून द्यायला तयार आहोत.

आणखी दोन ठिकाणी गाडे अडते. मंचावर नोंद करणारा आणि मंजूर करणारा अशी दोन माणसे लागतात. मंजूर करणारा एकच नेमलेला असेल आणि तो रजेवर गेला तर सगळ्या पुरवठादारांची बिले आठवडाभर तिथेच. किमान दोन जणांना अधिकार द्या. आणि हाताने बिले चढवू नका. ईआरपीतून (सॅपसारख्या प्रणालीतून) मंजूर बिलांची फाइल रोज रात्री मंचावर जाईल अशी जोडणी करून घ्या. खरेदीदाराकडून बिल चढले की खरेदीदाराची वेगळी मंजुरी मागावी लागत नाही. छोटी बिले परवडत नाहीत असे वाटत असेल, तर एकाच पुरवठादाराची, एकाच देय तारखेची बिले एका युनिटमध्ये एकत्र करता येतात.

आमच्या बाजूलाही एक अडचण आहे. ज्या बँकेचे कॅश क्रेडिट आहे तिच्याकडे आमची येणी तारण असतात. म्हणून मंचावर जाण्याआधी बँकेची ना-हरकत घ्यावी लागते आणि महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये डिस्काउंट झालेली बिले येण्यांमधून काढावी लागतात. ती काढली नाहीत तर एकाच बिलावर दोनदा पैसे उचलल्यासारखे होते. काढली तर ड्रॉइंग पॉवर (उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा) कमी होते, आणि नेमक्या यालाच घाबरून अनेक जण मंचावर येत नाहीत. कोणकोणती बिले मंचावर गेली याची यादी आपण दरमहा पाठवली, तर बँकेशी बोलणे आम्हाला सोपे जाईल. डोक्यावरचे कॅश क्रेडिट त्याच प्रमाणात उतरते हेही मग आकड्यांनी दाखवता येते.

जीएसटीबद्दल थोडक्यात. आम्ही जूनच्या बिलाचा कर २० जुलैला भरतो, पैसे आलेले असोत वा नसोत. आपण मात्र बिल जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीदाराला मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या विवरणात) दिसेपर्यंत कराची रक्कम रोखून धरता. मासिक विवरण भरणाऱ्याचे बिल ११ तारखेला जाते आणि १४ ला आपल्याला दिसते, तिथपर्यंत ठीक. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणारे अनेक पुरवठादार तिमाही योजनेत असतात. त्यांनी पहिल्या दोन महिन्यांत १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीआधीच बिले दाखवण्याच्या जीएसटीच्या सोयीत) बिले टाकली, तर तीही आपल्याला त्याच महिन्यात दिसतात. मर्यादा महिन्याला ५० लाख. हे त्यांना सांगायला पोर्टलवर एक सूचना पुरे. रक्कम रोखण्याऐवजी एवढे करा.

आयकर कायद्यात २०२३ साली आलेल्या ४३बी(एच) तरतुदीने बऱ्याच अपेक्षा उंचावल्या होत्या. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष देता त्याच वर्षी खर्च म्हणून धरायची, असा तिचा अर्थ. पण त्यामुळे ती फक्त ३१ मार्चला चावते. जूनचे बिल ऑक्टोबरमध्ये दिले तरी वर्ष तेच, म्हणून खर्च मिळतोच. परिणाम असा की मार्चमध्ये लेजर झटपट साफ होते आणि एप्रिलपासून पुन्हा पहिले पाढे. त्याहून वाईट म्हणजे काही पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करण्याचे तोंडी निरोप आले. कृपया आपल्या खरेदी विभागात असे कोणी बोलत असेल तर ते ताबडतोब थांबवा. ती नोंदणी गेली की कलम १५ चे संरक्षणही जाते आणि ट्रेड्सही जाते.

लवकर पेमेंटसाठी सूट मागणारी पोर्टल्स आता बऱ्याच कंपन्यांनी बसवली आहेत. मुदतीच्या आत, आमच्या इच्छेने सूट घेतली तर आमची हरकत नाही. पण ३० दिवस आधी पैसे मिळण्यासाठी दीड टक्का सोडायचा म्हणजे वर्षाचा दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास पडतो, हे पडद्यावर स्पष्ट दिसले पाहिजे. आणि ४५ दिवस उलटलेल्या बिलावर सूट मागणे सरळ चुकीचे आहे. त्या बिलावर व्याज आपण द्यायचे असते. पोर्टलमध्ये अशा बिलांना हा पर्यायच दिसू नये.

शेवटी दुसऱ्या फळीबद्दल. भोसरीतला प्लेटिंगवाला किंवा हीट ट्रीटमेंटवाला आपल्याला थेट बिल देत नाही. तो आपल्या टिअर-१ पुरवठादाराला देतो. त्या पुरवठादाराची उलाढाल २५० कोटींच्या आत असेल तर त्याला ट्रेड्सची सक्ती नाही, आणि तो मध्यम उद्योग असेल तर त्याच्या स्वतःच्या येण्याला ४५ दिवसांचे संरक्षणही नाही. त्याला आपल्याकडून ७८ दिवसांनी पैसे येतात, तो खाली १२० दिवसांनी देतो. निकेल, झिंक आणि विजेचे बिल रोखीने भरणारा माणूस साखळीच्या टोकाला आहे आणि सगळा उशीर त्याच्यावर येऊन थांबतो. तो थकला की बाथ बदलणे लांबवतो, कोटिंगची जाडी कमी भरते, आणि सॉल्ट स्प्रे टेस्टमध्ये (गंजाच्या चाचणीत) फेल झालेला भाग आपल्याच लाइनवर येतो. म्हणून टिअर-१ च्या वार्षिक मूल्यांकनात गुणवत्ता आणि डिलिव्हरीच्या शेजारी एक रकाना वाढवा: खालच्या पुरवठादारांना सरासरी किती दिवसांत पैसे दिले. मध्यम असो वा लघु, वरून त्याला ४५ दिवसांत पैसे मिळत असतील तर हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आमच्याकडून होणाऱ्या चुकांचीही जबाबदारी आम्ही घेतो. एएसएनमध्ये पीओचा लाइन नंबर चुकणे, कास्टिंगचा पीओ किलोत असताना बिल नगांत करणे, जुना ड्रॉइंग रिव्हिजन नंबर टाकणे, बँक खाते बदलल्यावर पोर्टलवर न कळवणे, यांमुळे बरीच बिले अडतात. गाडी सुटण्यापूर्वी या चार गोष्टी तपासण्याची पद्धत आम्ही आमच्याकडे लावून घेत आहोत.

आपल्याकडून सुरुवातीला एकच गोष्ट हवी आहे. कोणताही एक प्लांट निवडा, त्यातले सूक्ष्म आणि लघु पुरवठादार निवडा आणि गेल्या तीन महिन्यांतल्या त्यांच्या प्रत्येक बिलाच्या पाच तारखा काढा: गेट एंट्री, जीआरएन, क्यूसी क्लिअर, बिल चढवणे, पेमेंट. ईआरपीतून हा अहवाल अर्ध्या दिवसात निघतो. त्याच बिलांची आमच्याकडची यादी, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या तारखांसह, आम्ही घेऊन येऊ. खरेदी, स्टोअर्स, गुणवत्ता आणि लेखा, या चारही विभागांचे लोक एकाच बैठकीला बसवा. बैठकीची तारीख कळवावी.

आपले,
पुरवठादार लघुउद्योजक व त्यांचे लेखापाल